पन्नासपर्यंत

नाही नाही ताई, शंका वगैरे काही नाही — मुलांच्या सुरक्षिततेचं छान समजावलंत तुम्ही, पालकांच्या डोक्यात शिरेल असं. मी पालक नाहीच खरं तर. काकू. तीही तीन महिन्यांची, लग्नालाच तेवढे झालेत. जाऊबाई म्हणाल्या, तू जिम्नॅस्टिक्स केलंयस ना, तूच जा त्या सभेला. आमची पोर सोमवारपासून येणार इथे. ह्याच हॉलमध्ये, ह्याच सरांकडे. हो, मीही ह्या सरांकडेच होते, नऊ वर्षं — गाद्यांचा वाससुद्धा तोच आहे बघा, रबर आणि घाम. छे, मला कोणी काही केलं नाही, तसलं काही नाही. तुम्ही ते पाय ताणायचं सांगत होतात ना — मूल 'दुखतंय' म्हणालं की थांबायचं — तेव्हा मी पाणी प्यायला उठले. आलंच असेल तुमच्या लक्षात.

आमच्याकडे काय असायचं, पाय फाकवून बसायचं, पुढे वाकायचं, आणि पाठीवर एक मोठी मुलगी बसायची. पन्नास मोजेपर्यंत. रडलं की पुन्हा एकपासून. सर कशाला बसतील? सर खुर्चीत, पेपर वाचत. पाठीवर बसून मोजायला भरवशाची मुलगी लागते — शांत, आकडा न चुकणारी. सासरी सगळे हेच म्हणतात माझ्याबद्दल, सून किती शांत!

चिमणी म्हणायचो तिला. आठ वर्षांची. "ताई, थांब ना गं" — एक्केचाळिसाला. मी एकपासून सुरू केलं. मग तेहतिसाला. तिसऱ्यांदा ती रडलीच नाही — मला वाटलं, शिकली. तिच्या मांडीत काहीतरी तुटल्याचा आवाज आला होता — आला होता ताई, मी ऐकला, आणि पन्नास पुरे केले. सर शाबास म्हणाले. मला. ती अजून पाय ओढत चालते.

नवरा लिफ्टमध्ये मजले मोजायला लागला की मी त्याच्या तोंडावर हात ठेवते. त्याला वाटतं, लाडात आलीय.

हा तुमचा तक्रारीचा कागद — सरांचं नाव लिहिलंय, ठळक. पोर काही सोमवारी येत नाही, जाऊबाईंचं मी बघते. पण 'कोणी केलं' ह्याच्यापुढे एकच ओळ आहे. खाली दुसरं नाव लिहिलं तर चालतं? — नका, 'तू लहान होतीस' म्हणू नका. चौदाव्या वर्षी मोजता येतं नीट. — पेन तेवढं राहू द्या माझ्याकडे. आणि तुम्ही व्हा पुढे. कोणी बघत असलं की मला लिहिता येत नाही.