सगळी बेकरी डेल्फिनाच्या नावावर

सेबूच्या धक्क्यावर बोहोलच्या बोटीची रांग हलेना. तेओफिलोने आंब्यांची करंडी पायाशी ठेवली आणि तो पुढच्या दोघींचं बोलणं ऐकू लागला. एक बेकरीची मालकीण, दुसरी नोकरी सोडून लग्नासाठी गावी निघालेली डेल्फिना.

"तू जा गं. पण तुझं नाव कसं काढू?"

"मॅम, ते हिशेबाचं सॉफ्टवेअर माणशी भाडं घेतं म्हणून तुम्हीच म्हणालात, सगळे डेल्फिनाच्या नावाने काम करा."

"पैसे वाचले की नाही? शिवाय घरबसल्या सगळं दिसतं."

"काल काय दिसलं?"

"तू पाव भाजलेस, गल्ल्यावर बसलीस आणि त्याच वेळी टेम्पो घेऊन गेलीस."

"मी दाताच्या डॉक्टरकडे होते."

"तेही दिसलं. तुझी रजा तूच मंजूर केलीस."

"मग काढा ना नाव."

"काढलं की सगळी गिऱ्हाईकं, सगळ्या ऑर्डरी त्याच्याबरोबर जातात. तू फक्त ते उघडायला रोज सकाळी तुझ्या फोनवर येणारा कोड सांगत जा."

"लग्नाच्या दिवशीसुद्धा?"

"त्या दिवशी लोक पाव खायचे थांबणार आहेत का?"

तेवढ्यात डेल्फिनाचा फोन वाजला.

"आलाच बघ. सांग पटकन, दुकानात गिऱ्हाईकं खोळंबलीत."

डेल्फिनाने कोड वाचून दाखवला. मग कानातलं काढून त्याच्या टोकाने फोनमधलं सिमकार्ड बाहेर काढलं आणि मालकिणीच्या तळहातावर ठेवलं.

"घ्या मॅम. डेल्फिना राहू दे तुमच्याकडे. मी निघते."