दूध सोसायटीत पृथ्वीचं शेपूट

...अन् कुलूप कुणी लावावं? खुद्द चेरमननं! तुमाला सांगतो, सिरसाळ्याच्या दूध सोसायटीचा मी सेक्रेटरी, चन्नप्पा, बावीस वर्सं झाली, पण आपल्याच हापिसाबाहेर असा उभा ऱ्हायलो न्हवतो! सोबत लेक, गंगासागर. अकराला तिची पीएचडीची तोंडी परीक्षा, परीक्षक विद्यापीठातून पडद्यावर येणार, आईचं मांडीचं हाड मोडलं म्हणून पोरगी गावात, अन् गावात धड चालणारं नेट कुठं? सोसायटीत!

परीक्षा उपग्रहाची. हा शब्द ऐकला अन् सुंदरराव चेरमन दारात आडवे! "आधी पाऊस सांग म्हणावं. दुष्काळात जनावरं चारा छावणीला गेली, उपग्रह हाय तर सांगायला काय झालं?"

"अवो, पाऊस न्हाई, शेपूट!"

"कुणाचं?"

"पृथ्वीचं!"

झालं! रांगेतल्या बाया कॅन खाली ठेवून हसायला लागल्या. मी पोरीच्या कानात म्हणलं, पाऊस मंगळवारी येतो म्हण, कोण बघतंय! तर ही म्हणती, "अप्पा, खोटं सांगून मी आत जाणार न्हाई." अन् पावणेअकरा झालते हो! तितंच उभ्या उभ्या समजावायला लागली... सूर्याकडून वारं सुटतंय, त्यानं पृथ्वीचं चुंबकत्व मागं लांबतंय, शेपटावानी, लाखो कोस. आपल्याच हवेतले काही कण विजेचा भार घेऊन वर जातेत, त्या शेपटात लई जोर धरतेत अन् उलटे आपल्याकडंच धावतेत. उपग्रह ते मोजतो.

"आपल्या संचालकावानीच की बे!" रांगेतला म्हाळू वरडला, "जिल्ह्याला गेलं की माजूनच येतंय!"

मग कडूबाई. म्हैस एक, आवाज दहा म्हशींचा! "पाऊस न्हाई, तर कावून बघतीस गं बाई?"

"कुणालाच पुरतं ठाव न्हाई म्हणून, मावशी."

कडूबाई वळली चेरमनकडं, "दे चावी! तू चेरमन कावून झालास ते तरी कुणाला ठाव हाय?"

निघालं कुलूप! पण परीक्षा सुरू झाली अन् लाईट गेली... जनरेटरवर एक तर दुधाचा कूलर, न्हाईतर संगणक. कूलर मीच बंद केला! चाळीस माणसं दारात, कॅन वाजत न्हाई. मागून एकजण आला, "पाऊस सांगती का?" कडूबाई फिस्कारली, "पाऊस न्हाई, शेपूट! गप ऱ्हा!"

म्हाताऱ्या परीक्षकानं इचारलं, हे कण पृथ्वीचेच कशावरून? सगळं इंग्रजीत हो, पोरीनं मागून सांगितलं मला. ही जराबी न अडखळता बोलली, "ह्या ऑक्सिजनवर एकच भार हाय, सर. सूर्याकडून आलेल्यावर सहा-सात असतेत." म्हातारा हसला. "काँग्रॅच्युलेशन्स, डॉक्टर!" येवढं मात्र मला बी कळलं. कूलरमागं जाऊन रडलो, कुणाला सांगू नका.

सांजच्याला मिटिंग. अभिनंदनाचा ठराव, लिवणार कोण? मीच! अन् सुंदरराव सांगतेत, "लिवा... चेरमनसाहेबांच्या अथक प्रयत्नातून पृथ्वीला शेपूट मिळालं."

लिवलं... सर्वानुमते मंजूर हो, काय करता!