जर्मन म्हाताऱ्याचे शेजारी

…अन् तीन हप्ते, तुमाला सांगतो, तीन हप्ते त्या म्हाताऱ्याच्या दाराला कुणी हात लावला न्हाई! भिंतीला भिंत लागून घरं, अन् म्हातारा आत मरून पडलेला! मी म्हणतो, शेजारी काय करून राहिले होते?

आता हा म्हातारा कोण, तर जर्मनीतला. गोष्टीतला. त्याला हिंगोलीत आणला कुणी? मधुवंतीबाईनं! जवळच्याच कुरुंदा गावची पोरगी, बाप हळद पिकवतो, हिनं दहा वर्सं आजकालच्या जर्मन कादंबऱ्या वाचून डॉक्टरेट केली, मोठ्या शहरातली नोकरी सोडून आमच्या कॉलेजात आली… काहून? तर म्हणे, "आपल्याकडच्यांनी बी वाचावं." वाचावं! प्रिन्सिपॉल म्हणले, "मॅडम, जर्मनचा वर्ग काढा, पण दर वर्षी वीस विद्यार्थी पाहिजेत. एक जरी कमी पडला तर वर्ग बंद, अन् तुम्ही बी मोकळ्या!" पोरं सगळी पोलीस भरतीच्या मागं. मग बाईनं धरलं कुणाला? शिवणकाम करणारी अमिनाबी, मोंढ्यात धान्याची पोती उचलणारे चाँद पाशा, कँटीनची नीलाबाई… असे एकोणीस जमले. विसावा कोण? मी! वसराम, कॉलेजचा शिपाई! घंटा बी मीच वाजवायची अन् पळत येऊन बाकावर बी मीच बसायचं!

भाषा कशीबशी रेटली, पण बाईनं ही म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली अन् वर्ग पेटला. अमिनाबी डोळ्याला पदर लावून म्हणे, "वाटीभर सालन तरी द्यायचं की गं बाई!" चाँद पाशा तर तापलेच, "मैं रहता तो दरवाजा तोड देता!" बाई समजावून राहिल्या, "अहो, तिथला एकटेपणाच दाखवायचाय लेखकाला…" दाखवा ना, पण शेजारी काय करून राहिले होते?

मग परीक्षा. गोष्टीचा पेपर मराठीतून लिहायची सवलत. प्रश्न एकच आला, कथेचा शेवट लिहा. देवाशप्पथ सांगतो, कुणी कुणाचं पाहिलं न्हाई! मी लिहिलं, शेजाऱ्यानं कडी वाजवली, म्हातारा उठला, दोघांनी चहा घेतला. अमिनाबीनं सालन पाठवलं. चाँद पाशानं पहारीनं दार फोडून त्याला दवाखान्यात नेलं. नीलाबाईनं तर तीन दिवस पिठलं-भाकर चारून उठून बसवला! वीस पेपरात म्हातारा वीस खेपा वाचला… अन् गोष्टीत तर तो मेलेला! बाहेरच्या तपासणाऱ्यानं वीसच्या वीस नापास केले!

बाईनं पेपर पाहून आधी कपाळावर हात मारला. मग वाचता वाचता त्यांचे डोळे भरले. म्हणे, "वसरामभाऊ, इतकी वर्सं ही गोष्ट अभ्यासून राहिले, पण आपण त्याच्या दारात जावं असं मला एकदा बी वाटलं न्हाई." लई वाईट वाटलं हो. आमच्यापायी या गावच्या लेकीचा वर्ग जाते की काय!

गेलो सगळे प्रिन्सिपॉलसमोर, माना खाली घालून. त्यांनी रजिस्टर उघडलं, "नापास झालेल्यांना पुन्हा प्रवेश घेता येतो. कोण कोण घेते?" वीस हात वर! वर्ग वाचला, बाई राहिल्या. आता रोज मला बजावून राहिल्या, "वसरामभाऊ, यंदा नीट अभ्यास करा." कसा करू? पास झालो तर विसावा कुठून आणतील? बाई रिटायर होईपर्यंत नापास होत राहायचं, दुसरं काय!