तारल्यांच्या मधोमध

मालन : पाणी पी आधी, मग बोल. पण माझं ठरलंय हां, इरावती. नूपुर पुन्हा समुद्रात उतरणार नाही.

इरावती : काकू, मला एकदा सांगू तरी द्या.

मालन : काय सांगणार? माझ्या भावाने, गुणाजीने, तिथल्या किनाऱ्यावरून सगळं बघितलं. मालवणातून फोनवर म्हणाला, तुझा चेडू स्पर्धेत बुडता बुडता वाचला. डोळ्यांनी दिसत नाही तिला. चाळीच्या जिन्यावर मी तिचा हात सोडत नाही, नि तुम्ही तिला समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धेत घातलीत!

नूपुर : बँकेतून येताना जिना मी एकटीच चढते, आई. रोज.

मालन : तू गप गो.

इरावती : मामांनी बघितलं ते खरंय. नूपुर भरकटली होती. ते लपवायला नाही आले मी.

मालन : मग तुम्ही तिघी काय करत होतात? दादरच्या तरणतलावात तर तिला मध्ये घेऊन पोहता.

इरावती : तिथेही तसंच चाललं होतं. सीमा पुढे, मीनाक्षी नि मी दोन बाजूंना, नूपुर मध्ये. अर्ध्यावर आलो आणि तारल्यांचा, त्या बारक्या चंदेरी माशांचा, थवा अंगावर आला. हजारोंनी.

मालन : तारल्या? त्या काय माणसाला खातात?

नूपुर : मला काय ठाऊक तारल्या आहेत ते! पोटावर, मानेवर सटासट काहीतरी आपटायला लागलं. वाटलं, संपलं. हातपाय झाडत सुटले. कुठे चाललेय तेही कळेना.

इरावती : त्यांच्या मागे सुरमया लागल्या होत्या, काकू. मी पोहण्याच्या चष्म्यातून बघत होते. सुरमई मुसंडी मारायची, थवा फाटायचा आणि तिच्या पाठीमागे पुन्हा जुळायचा. एवढ्या चकाकत्या अंगांत धरायचं कुणाला, तेच तिला उमगत नव्हतं. दरवेळी रिकामी जायची. मी बघतच राहिले.

मालन : आणि पोरगी?

इरावती : तेवढ्यात एक तारली थव्यातून सुटली. एकच. सुरमईने तिथल्या तिथे उचलली. वळून बघते तर शेजारी नूपुर नाही.

मालन : अगो बाय माझे!

इरावती : खोल पाण्याकडे गेली होती. हाका मारल्या, पण लाटांत ऐकू जाईना. मग तिघीही शर्यत सोडून तिच्याकडे वळलो. धरलं नाही तिला. घाबरलेल्याला धरलं की तो आणखी झटापट करतो. नुसतं खांद्याला खांदा लागेल इतकं जवळून तिच्याभोवती पोहत राहिलो.

नूपुर : आधी डाव्या कुशीला पाण्याचा धक्का लागला. लांब, संथ. इरावती तसेच पाय मारते. मग उजवीकडून मीनाक्षीचे, भराभर. ओळखलं मी. श्वास जागेवर आला.

(मालन पदराने डोळे टिपते.)

नूपुर : माशांच्या कुशीवरही एक रेघ असते म्हणे, आई. शेजारचा हलला की तिला पाण्यातून कळतं. दिसेनासं झालं तरी त्यांना शेजार सापडतो.

मालन : सीमा यंदा पहिली येणार होती ना गो?

नूपुर : आलीच असती.

मालन : मग?

इरावती : शेवटून आलो. चौघी एकदम.

मालन : आणि ती काही बोलली नाही?

इरावती : बोलली ना. किनाऱ्यावर आल्या आल्या म्हणाली, भूक लागली.

मालन : आणि मी तुला दारातूनच परत पाठवणार होते. चुकलं माझं. आता जेवल्याशिवाय उठायचं नाही.

नूपुर : मग पुढच्या वर्षी जाऊ, आई?

मालन : ते बघू. इरावती, त्या दोघींची पूर्ण नावं सांग, वडिलांच्या नावासकट. इतकी वर्षं देवाला गाऱ्हाणं घालताना एकाच पोरीची राखण मागत होते. उद्या चौघींची मागायचीय.