सरोजिनीचं विंडोज आणि मी

...बरं, बटण दाबलं की गपगुमान चालू व्हावं ना, पण नाही, आमचा कॉम्प्युटर आधी विचारतो, लिनक्स का विंडोज, आणि विचारतो तेही दहाच सेकंद, तेवढ्यात कोणी काही बोललं नाही की स्वतःच्या मनाने लिनक्समध्ये शिरतो, अरे मग विचारलंस कशाला?

तुम्हाला सांगतो, हे सगळं आमोदचं काम. आमोद म्हणजे माझा भाचा, वारज्याला राहतो, दिवाळीत आला आणि चकली खाता खाता म्हणाला, "मामा, मशीन फारच स्लो झालंय, लिनक्स टाकून देतो, तुमचं विंडोज पण राहील, डोन्ट वरी." टाकलं आणि गेला. आता बारा वर्षं घरात नांदणारं विंडोज यादीत पार खाली आणि परवा आलेल्या लिनक्सला पहिला मान! अहो, पुण्यात राहून मानाचा क्रम चुकवायचा म्हणजे काय हो?

माझं काही नाही, मला पेपर पुरतो. कॉम्प्युटर लागतो सरोजिनीला, आमच्या सौभाग्यवतींना. शाळेतून रिटायर झाल्यापासून ती कादंबरी लिहितेय, आणि ते तिचं जुनं मराठी टायपिंग फक्त विंडोजमध्ये चालतं, लिनक्समध्ये तिची नायिका उघडली की नुसत्या चौकटी आणि प्रश्नचिन्हं. त्यात तिची पद्धत अशी की दुपारी उठायचं, बटण दाबायचं आणि चहा टाकायला जायचं, कप घेऊन येईस्तोवर मशीन तयार पाहिजे. मी म्हटलं, "अगं, जरा थांब, खालचा बाण दाब आणि मग जा." तर म्हणाली, "दुधासाठी थांबते मी. यंत्रासाठी थांबणार नाही." संपला विषय. मग रोज दुपारी बाणावर बोट ठेवून उभा कोण? मी!

आणि एक दिवस नेमकी बेल वाजली. कुरिअरवाला... शेजारच्यांचं पार्सल, सही माझी. परत येतो तर लिनक्स उघडून बसलेलं, आणि मागून ही कप घेऊन आलेली. ओरडली असती तर परवडलं असतं हो. शांतपणे म्हणाली, "राहू दे. नाहीतरी कोण वाचणार होतं." त्यानंतर आठवडाभर तिकडे फिरकलीच नाही. मी घाबरलो, खरंच घाबरलो, कारण ही लिहीत असते तेव्हा गुणगुणते, आमटीत गूळ पडतो, मला नावाने हाक मारते, आणि लिहीत नाही तेव्हा घर नुसतं स्वच्छ होतं. माळे, पंखे, फ्रिजच्या मागचं... आणि स्टुलावर फडकं घेऊन उभा कोण? मी!

लावला आमोदला फोन. "सोप्पंय मामा, एका फाइलमध्ये डिफॉल्टचा, म्हणजे आपोआप उघडणाऱ्याचा, नंबर बदलायचा. सुरुवातीला येते त्या यादीच्या ओळी वरून मोजा, फक्त शून्यापासून. म्हणजे बिल्डिंगसारखं, ग्राउंड फ्लोअर शून्य." आता मला सांगा, आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत ग्राउंड फ्लोअरला काय आहे? पार्किंग! तिथे राहतं कोण? पोपटरावांची बंद पडलेली स्कूटर. माणसं सुरू होतात पहिल्या मजल्यापासून. म्हणून मी पार्किंग सोडलं, लिनक्सला धरला पहिला मजला, मधल्या त्याच्याच तीन फालतू ओळी मोजत खाली गेलो, विंडोज आलं पाचवं, टाकले पाच. चुकलं काही? पासवर्ड टाकताना अक्षर दिसत नाही, तोही आंधळ्यासारखा टाकला, आमोदने सांगितलेली ओळ मारली, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला... आणि उघडली विंडोजच्याही खालची ओळ, मशीनच्या पोटातलं सेटिंग! समोर निळा पडदा, त्यावर तापमान, पंख्याचा वेग, व्होल्टेज, सगळं इंग्रजीत. आयसीयूच आली हो घरात! आणि बाहेर नातेवाइकासारखा हात जोडून उभा कोण? मी!

आमोद म्हणतो, "मामा, लिनक्सच ग्राउंड फ्लोअर. पार्किंग कशाला धरलंत?" म्हटलं, "मेंटेनन्स भरतो रे आम्ही त्याचा."

शेवटी चार टाकले. बटण दाबलं, हात मागे बांधले आणि लांब उभा राहिलो. कोणी बाण दाबला नाही, कोणी काही बोललं नाही, आणि आपलं आपण विंडोज आलं. तुम्हाला म्हणून सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

सरोजिनीला म्हटलं, "एकदा बघ तरी." तिने मशीन बंद केलं, स्वतः बटण दाबलं, चहा टाकायला गेली, कप घेऊन आली, सगळं तयार. बसली. लिहायला लागली, गुणगुणायलासुद्धा लागली. मी आपला तिच्या खुर्चीमागे... कारण इतके दिवस बाणाच्या निमित्ताने थांबायचो तेव्हा दोन-चार ओळी नजरेखालून जायच्या, नायिकेच्या नवऱ्यापर्यंत आलो होतो मी. मान जरा पुढे केली तेवढ्यात मागे न बघता म्हणाली, "अहो, आता ते आपोआप होतं ना?"

म्हटलं, "हो, अगदी आपोआप."

"मग जाताना दार ओढून घ्या."

घेतलं ओढून. छान चाललंय आता तिचं, रोज लिहिते, आमटी गोड असते. त्या नवऱ्याचं पुढे काय झालं, ते मात्र मला आता पुस्तक विकत घेऊनच कळायचं.