ओव्हरमॉरो

चहा होईपर्यंत आमच्या लग्नाचं सांगते. मुलगी बघायला आले की मुलाकडचे प्रश्न विचारतात, पण आमच्या देवासच्या घरी उलटं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, दरबारात राजकुमारांना इंग्रजी शिकवायचे. संस्थान विलीन झालं, नोकरी गेली, एक जुनाट डिक्शनरी तेवढी उरली. तिच्यातला एक शब्द ते येईल त्या मुलाला विचारायचे, "ओव्हरमॉरो म्हणजे काय?"

इंदूरचा बी.ए. झालेला मुलगा म्हणाला, "हा तर आम्ही ऑफिसात रोज वापरतो."

"इंग्रजांनी टाकून कैक पिढ्या झाल्या," अण्णा म्हणाले. "तुमचं ऑफिस फारच जुनं दिसतं."

ते स्थळ गेलं आणि आईने अण्णांशी अबोला धरला.

मग धारचे हे आले, देवासला मावशीकडे उतरले होते. शब्द ऐकून सरळ म्हणाले, "नाही माहीत. काय असतं?"

"परवाचा दिवस."

"अच्छा. मग आता परवाला काय म्हणतात इंग्रज?"

"डे आफ्टर टुमॉरो. उद्याच्या नंतरचा दिवस."

"एवढं लांबण? म्हणूनच राज्य गेलं, भई."

अण्णा खो खो हसले. पोह्यांची बशी घेऊन उभी असलेली मीसुद्धा हसले.

निघताना हे म्हणाले, "ओव्हरमॉरो कळवतो."

आणि दुसऱ्याच सकाळी दारात हजर.

अण्णा म्हणाले, "अहो, ओव्हरमॉरो उद्या आहे."

"हो, पण इंग्रजांनी तो शब्द का टाकला ते रात्री कळलं," हे म्हणाले. "तेवढा धीर निघतो कुणाला?"