छत्तीसावी स्लाइड कुठे गेली?

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आमच्या रहिवासी समितीचे सर्वेसर्वा श्रीरामजी, शाल पांघरून अवघडून बसलेले सत्कारमूर्ती जयसिंगराव, त्यांच्या शेजारी त्यांच्यापेक्षा ताठ बसलेल्या सौ. रमाबाई, आमच्या स्लाइड मंडळाची सगळी लहानमोठी मंडळी, आणि कचोरीच्या वासाकडे कान लावून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, सगळ्यांना जय भीम, नमस्कार.

मी कौसल्या. शाळा चौथीपर्यंत, तीही महूच्या छावणीतली, वडिलांची बदली झाली की अर्धी सुटायची. सभेत बोलायची सवय नाही. माझ्या नातीने, धम्मदीनाने, पाच मिनिटांचं भाषण लिहून दिलंय. ते या ग्लासाखाली ठेवलंय, उडू नये म्हणून. श्रीरामजी, तुम्ही घड्याळ बघितलंत, ते मी बघितलं.

जयसिंगराव बडोद्याला मुलाकडे चाललेत. दोनच महिने म्हणतात, लगेच वापस येतो म्हणतात. माझा विश्वास नाही. दोन महिन्यांसाठी कुणी घरचा मिक्सर पॅक करतं का? रमाबाई खाली बघतायत, म्हणजे माझं बराबर आहे.

आता तुम्ही म्हणाल, निरोपाच्या दिवशी ही बाई शंका काय काढते! पण जयसिंगरावांची आणि माझी ओळखच शंकेने झाली. तीन वर्षांपूर्वी हे धम्मदीनाबरोबर दारात उभे. हिने कुठून तरी रंगीत स्लाइडची फिल्म मिळवली होती आणि ती दाखवायचं मशीन यांच्याकडे आहे असं हिला कळलं होतं. पोलोग्राउंडला यांचं मोटारी आणि पंखे दुरुस्तीचं वर्कशॉप. एका बंद पडलेल्या शाळेच्या भंगारातून यांनी प्रोजेक्टर उचलला, त्याच्या पंख्याची मोटर बांधली आणि तो चालू केला. आल्याआल्या विचारतात कसे, "वहिनी, घरात जुन्या स्लाइडी आहेत का?"

घरात जुनं काय आहे, हे विचारणाऱ्या माणसाला आधी पाणी द्यावं आणि मग दार लावून घ्यावं, असं माझी आई सांगायची. मी पाणी दिलं.

त्यांना मी सरळ भंगारवाला समजले होते. माफ करा हं रमाबाई.

मग धम्मदीनाची पहिली फिल्म धुऊन आली. इंदुरात कुणी धुवत नाही, मुंबईला कुरिअर करावी लागते. आली तर काय, एका डबीत छत्तीस इवल्या इवल्या चौकटी! कागद नाही, फोटो नाही. मी विचारलं, निगेटिव्ह कुठाय? त्या मुंबईवाल्यांनी ठेवून घेतलं की काय? जयसिंगराव हसायला लागले. म्हणाले, "वहिनी, हिला निगेटिव्ह नसतंच. कॅमेऱ्यात होती तीच ही पट्टी. त्या दिवशी तिथला जो उजेड होता, तो ह्याच तुकड्यावर पडला. ही हरवली की गेली."

मी म्हटलं, मग ही कसली रीत? साधा दाखला काढायचा तर दोन कॉप्या लागतात.

पण मग त्यांनी आमच्या बैठकीच्या भिंतीवर ती स्लाइड पाडली. आपल्या सुदामा नगरचीच भाजीवाली, कोथिंबीर, गाजरं, मागे पिवळी रिक्षा. अरे, ते गाजर उचलून धुवावंसं वाटलं! मोबाइलवर नात रोज शंभर फोटो दाखवते, मी हो हो म्हणते. इथे मात्र मी खुर्ची भिंतीजवळ ओढली. त्याच दिवशी ठरलं, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी या हॉलमध्ये पांढरी चादर लावायची आणि ज्याच्या घरात ज्या स्लाइडी असतील त्या आणायच्या. असं हे मंडळ सुरू झालं.

तुम्हाला सांगते, ह्या फिल्मशी मस्ती चालत नाही. ऊन जरा जास्त पडलं की सगळं धुतल्यासारखं पांढरं, कमी पडलं की काजळी. धम्मदीना एक फोटो काढायला इतका वेळ उभी राहते की भाजीवाली विचारते, "बाई, घेणार आहेस की नाही?" पण ज्या बिघडतात त्याही मी टाकू देत नाही. त्यांचं तोरण करून बाल्कनीच्या खिडकीला लावलंय. दुपारी चारला ऊन आलं की फरशीवर हिरवे-लाल ठिपके पडतात आणि आमची मांजर त्यांच्यावर झडप घालते. चांगल्या असतात त्या स्टीलच्या डब्यात, बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या त्या दमट न होऊ देणाऱ्या पुड्या टाकून. मी त्यात कापराची वडी टाकली होती, तर जयसिंगराव माझ्यावर ओरडले. आयुष्यात एकदाच ओरडले, पण ओरडले.

हां, तर मूळ गोष्ट. धम्मदीना रोज विचारायची, आजी, आजोबांच्या स्लाइडी कुठायत? माझे मालक, शंकरराव, महूच्या पोस्टात होते. एका साहेबाची बदली झाली तेव्हा जाताना त्याने यांना जुना कॅमेरा आणि ह्या फिल्मचा एक रोल दिला. एकच रोल. झालं, माणूस वेडा झाला. मांडूला गेले, पाताळपाणीला गेले, पोपट काढले, वडाची मुळं काढली. फोटो धुऊन आल्यावर प्रत्येकाला स्वतःच्या हाताने काचेत बसवलं, चौकटीवर बारीक अक्षरात नाव घातलं. 'जहाज महाल, दुपार.' 'पोपट, दोन.' आमच्याकडे मशीन कुठलं? खिडकीशी धरून बघायचे. मला म्हणायचे, "बघ गं." मी बघायची नाही. कारण सांगते. सगळ्या जगाचे फोटो काढले, बायकोचा एक नाही! पोपटाचे दोन.

हे मी त्यांना मरेपर्यंत ऐकवलं. नऊ वर्षं झाली त्यांना जाऊन. त्यांच्या भिंतीवरच्या फोटोलाही रोज सकाळी म्हणायची, "उठा. पोपट आलेत."

शेवटी गेल्या वर्षी मी तो डबा जयसिंगरावांच्या हातात दिला. द्यायच्या आधी मोजल्या. छत्तीस. बघितल्या नाहीत, नुसत्या मोजल्या. दुसऱ्या रविवारी शो झाला. हॉल भरलेला. रोल जुना, रंग उतरून सगळं लालसर झालेलं, हिरवं झाड कत्थई, काताच्या रंगाचं दिसत होतं, तरी लोक वाहवा करत होते. मी काय करत होते? मोजत होते. पदराच्या गाठीत मोजून छत्तीस शेंगदाणे ठेवले होते, एक स्लाइड झाली की एक दाणा तोंडात. दिवे लागले तेव्हा माझ्या हातात एक दाणा उरला.

"जयसिंगराव, छत्तीसावी कुठाय?"

"ती खराब होती वहिनी. बुरशी."

"मग बुरशी दाखवा."

"टाकून दिली."

टाकून दिली! जो माणूस जुना स्क्रू टाकत नाही, तो स्लाइड टाकतो? तिसऱ्या दिवशी मी रिक्षा करून पोलोग्राउंडला गेले. जयसिंगराव चहा आणायला म्हणून जे निघाले ते बराच वेळ आलेच नाहीत. रमाबाई होत्या. मी काही विचारलं नाही. त्यांनीच हळूच सांगितलं, "वहिनी, जादा बल्बांच्या डब्यात बघा." रमाबाई, तुमचा मोठेपणा मी आज जाहीर करते. जयसिंगराव, असे बघू नका त्यांच्याकडे.

तर डब्यात, कापसात गुंडाळलेली, छत्तीसावी. बाकी सगळ्यांवर नाव, हिच्यावर काही नाही. कोरी. मी ती डोळ्याला लावायच्या डबीत घातली आणि उजेडाकडे धरली.

एक बाई. पाठमोरी. तांबडी साडी, हातात पिशवी. पाठीवरून तिरपा गेलेला पदर उजव्या खांद्यावर, म्हणजे सीधा पल्ला. आपल्या नाही, इकडच्या मालवी-गुजराती बायका घेतात तसा. आणि बाजूला झाडाला टेकवलेली आमच्या मालकांची सायकल. ती मी कुठेही ओळखीन, तिच्या कॅरिअरला माझ्याच परकराची नाडी बांधलेली.

आता तुम्हीच सांगा. तुम्ही काय समजला असता?

जयसिंगरावही तेच समजले होते. म्हणून लपवली. मग चहा न घेताच परत आले आणि मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, माणूस गेला. आता कशाला?" म्हणजे बघा, मला नुसती शंका होती, ह्यांनी तिच्यावर शिक्का मारला.

आमच्या शेजारी एक सीध्या पल्ल्याची बाई होती. नाव घेत नाही. तिची सून इथे बसलेली असू शकते.

घरी आले आणि शंकररावांचा फोटो भिंतीकडे तोंड करून लावला. धम्मदीनाने सुलटा केला, मी परत उलटा केला. "उठा" म्हणणं बंद. चार महिने. त्रेचाळीस वर्षांचा संसार, आणि मी एकेक दिवस काढून तपासत बसायची. अमक्या दिवशी उशिरा का आले? तमक्या दिवाळीला गौतमपुऱ्याला हिंगोटाची, त्या पेटत्या बाणांची लढाई बघायला एकटेच का गेले? तांदूळ निवडतो ना, तसं. आणि तांदळात खडे शोधायला बसलं की काही वेळाने तांदूळही खड्यासारखा दिसायला लागतो. जेवण जाईना. नात म्हणायची, आजी, फेकून दे ती स्लाइड. कशी फेकू? तिला निगेटिव्ह नाही. गेली की गेली, आणि मग मला आयुष्यभर कळणार नाही.

एक दिवस मी जयसिंगरावांना घरी बोलावलं. म्हटलं, मशीन आणा. मोठी करून दाखवा.

"वहिनी, राहू द्या ना."

"तिचं तोंड नाही दिसत, निदान चपला तर बघते कुणाच्या आहेत."

पडदे ओढले. आम्ही चौघं, जयसिंगराव, रमाबाई, धम्मदीना आणि मी. भिंतीवर ती बाई उभी राहिली, खरोखरच्या बाईएवढी. मी चपला बघितल्या. साध्या. मग सायकल बघितली. आणि मला काहीतरी खटकलं.

बारा वर्षं मी त्या सायकलीच्या कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसलेय. डावीकडे पाय. का? उजवीकडे चेन असते, पदर खाते. आणि ह्या सायकलीचं तोंड डावीकडे, तरी चेनकव्हर आपल्या बाजूला! म्हणजे चालवणाऱ्याच्या डाव्या पायाला चेन.

मी म्हटलं, "जयसिंगराव, तुम्ही चाळीस वर्षं मशिनी खोलताय. डाव्या बाजूला चेन असलेली सायकल कुठे पाहिलीत?"

जयसिंगराव उठून भिंतीजवळ गेले, चेनकव्हरवर बोट फिरवलं. मग कपाळावर हात मारला. "अरे यार!" म्हणाले. "काचेतच उलटी बसवलीय शंकररावांनी. दोन्हीकडून काच, मला कळलंच नाही." आणि त्यांनी स्लाइड बाहेर काढली, फिरवली आणि आत सरकवली. खट्.

झाड इकडचं तिकडे गेलं. पदर उजव्या खांद्यावरून डाव्यावर आला. आपला पदर, रागाने पाठीवरून ओढून कमरेला खोचलेला. मागचं फाटक आपल्या जागेवर आलं आणि मी ती गल्ली ओळखली. महूची, माझ्या माहेरची. तांबडी साडी तांबडी नव्हतीच, झाडाचं हिरवं कत्थई झालं तसं साडीचं झालं होतं. माझी मोरपंखी साडी. आईने शिवलेली पिशवी.

ती बाई मी होते.

आणि मग तो दिवसही आठवला. फोटोवरूनच भांडण झालं होतं. रोल संपत आला आणि माझा एक नाही! मी पिशवी भरली, पदर खोचला आणि निघाले माहेरी. माहेर दोन गल्ल्या सोडून, पण निघाले. मालक मागून सायकल घेऊन आले. झाडाला टेकवली आणि हाक मारली, "कौसल्या, वळून बघ ना एकदा." मी वळले नाही. मागून खट् असा आवाज आला. मला वाटलं, आताही पोपटच काढला असेल.

रोलमधला शेवटचा होता तो. वळले असते तर तोंड आलं असतं. आणि माझ्या पाठीला ते नाव तरी काय घालणार? म्हणून कोरी ठेवली असेल. आता ही माझी कल्पना हं, विचारायला माणूस नाही.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी भिंतीवरचा फोटो सुलटा केला. म्हटलं, "वळले हो."

त्या चौकटीवर आता नाव आहे. माझ्या हाताने घातलंय, 'कौसल्या'. पोस्टाच्या माणसासारखं सुबक नाही, पण वाचता येतं.

जयसिंगराव, तुम्ही खोटं बोललात, ते मला दुखू नये म्हणून बोललात, हे मला कळतं. तरी पुढे असं कुणाशी करू नका. मोठी करून दाखवा. लहान डबीत बघितलं की माणूस नको ते बघतो.

आता हे पाकीट. आमच्या मंडळाकडून. बडोद्याला जाऊन नाही, इथेच उघडा. आत एकच स्लाइड आहे. तीन वर्षं तुम्ही आम्हा सगळ्यांची चित्रं भिंतीवर पाडलीत, पण तुमचं एकही नाही, कारण तुम्ही नेहमी मशीनच्या मागे. मागच्या रविवारी धम्मदीनाने शेवटचा फोटो राखून ठेवला होता. तुम्ही वाकून बल्ब बसवताय, पाठमोरे. हाक नाही मारली तुम्हाला, न जाणो, वळला नसतात. ह्याला निगेटिव्ह नाही. हरवली की गेली. आणि बल्बच्या डब्यात लपवलीत तर मला माहीत आहे कुठे शोधायचं, बडोद्याला रेल्वे जाते.

अध्यक्षांनी पाच मिनिटं दिली होती, मी किती घेतली ते शेंगदाण्यांनी मोजलं नाही. त्यांचे, रमाबाईंचे आणि एवढा वेळ कचोरी थंड होऊ देणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्यात कुणाला लागलं असेल, शेजारणीच्या सुनेला तर नक्कीच, तर म्हातारी म्हणून सोडून द्या. आता दिवे मालवा, शेवटच्या दोन स्लाइडी लावा. आधी जयसिंगरावांची, मग माझी.

आणि मशीनवाल्या भिया, लावताना आधी सायकलीची चेन बघून घ्या.